लस चांगली, चौकशी अपुरी: लातूर जिल्ह्यातलं एक प्रौढ लसीकरण केंद्र

तालुक्याच्या गावातलं हे खासगी केंद्र गरोदर बायका आणि साठीपुढची माणसं, दोघांनाही लस देतं. साठवणीला पैकीच्या पैकी गुण. लशींचा फ्रिज वेगळा, 2 ते 8 अंशांची नोंद वहीत रोज दोनदा, लाइट गेली तर इन्व्हर्टर. खोकी फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवलेली नाहीत, हे विशेष; तिथे लस गोठू शकते. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस) एकदा गोठली की तिच्यातला ॲल्युमिनियमचा क्षार गोळा होऊन तळाशी बसतो; मग वितळवून उपयोग नाही, ती फेकायचीच.

खरी उणीव काउंटरवर आहे. फॉर्मवर वय विचारतात, कितवा आठवडा ते विचारत नाहीत. टीडॅप प्रत्येक गरोदरपणात 27 ते 36 आठवड्यांत घ्यायची असते, कारण आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. माणसाचं आणि माकडाचं यात सारखंच. गाईचं तसं नाही, तिच्या वासराला चीक पाजावाच लागतो. इकडे लेक सातव्या महिन्यात माहेरी येते, म्हणजे वेळ आयतीच साधते. पण लस सासरी झाली आहे का, हे कार्ड बघितल्याशिवाय कळायचं कसं? बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची पहिली लस सहाव्या आठवड्याला; तोवर आईकडून आलेल्यावरच भिस्त. धनुर्वाताची टीडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तेही इथे सांगत नाहीत. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची जिवंत (दुबळे केलेले विषाणू असलेली) लस मात्र गरोदर बाईला साफ नाकारतात. बरोबर करतात.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत अडचण वेगळी. छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, रोगाशी लढणाऱ्या नव्या टी-पेशी कमी तयार होतात, त्यामुळे त्याच लशीला शरीराची साथ कमी मिळते आणि मिळालेलं संरक्षण लवकर ओसरतं. त्यात फ्लूचा विषाणूही बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नवी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. इथे उरलेला साठा उन्हाळ्याच्या सुरुवातीला सवलतीत देतात. पन्नास-शंभर रुपयांसाठी तो घेऊ नये.

नागिणीच्या लशीबद्दल मात्र माहिती चोख देतात. जुन्या जिवंत लशीचं संरक्षण सत्तरीपुढे 40 टक्क्यांनाही पोचत नव्हतं. शिंग्रिक्स ही नवी लस त्याच वयात 90 टक्क्यांच्या आसपास जाते, कारण तिच्यात प्रतिसाद चेतवणारं वेगळं द्रव्य आहे. डोस दोन, मध्ये 2 ते 6 महिने. दंड ठणकतो, एखाद-दोन दिवस कणकणही येते, हे आधीच सांगतात. महाग आहे, आणि दुसरा डोस न घेणारे बरेच. त्याची आठवण फोनवर करून देण्याची सोय इथे नाही, तेव्हा तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.