गूम्बा लगून: भरती-ओहोटीच्या पटावर काही महिने

आमच्या घरी मारियो पार्टी (निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर टीव्हीला जोडून खेळायचा, फासे टाकून पटावर पुढे सरकायचा व्हिडिओ गेम) लावायची म्हटलं की आता पट कुठला यावर चर्चाच होत नाही. ‘सुपर मारियो पार्टी जाम्बोरी’त सात पट आहेत. रेसिंग ट्रॅकचा मुलांना आवडतो, मॉलचा मला, पण शनिवारी जेवणं उरकून चौघं टीव्हीसमोर बसलो की लागतो तो गूम्बा लगूनच. काही महिने झाले, अजून कंटाळा आलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेम आला १७ ऑक्टोबर २०२४ ला. आम्ही बराच नंतर घेतला, पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानातून. निन्टेंडोचं सामान भारतात अधिकृतपणे विकलं जात नाही, त्यामुळे दुकानदार सांगेल ती किंमत. पक्क्या बिलाचा विषय काढल्याबरोबर त्याला एक अर्जंट फोन आला. असो.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार खेळाडू, एक ते दहाचा फासा, निळ्या घरावर तीन नाणी मिळतात, लाल घरावर तीन जातात. चौघांचं दान टाकून झालं की एक छोटा खेळ. वीस नाणी साठवून ताऱ्यापर्यंत पोचलात की तारा विकत मिळतो, आणि शेवटी ज्याचे तारे जास्त तो जिंकतो. तारा एकाने घेतला की तो दुसरीकडे जाऊन बसतो.

आता या पटाची गंमत. हे एक बेट आहे, मधोमध ज्वालामुखी, आणि दर तीन फेऱ्यांनी इथलं पाणी चढतं किंवा उतरतं. ओहोटीला ज्या वाटा मोकळ्या असतात त्या भरतीत पाण्याखाली जातात. पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि डेक्कनला पाच मिनिटांत पोचणारा माणूस वळसा घालून जातो, तेच इथे. फरक इतकाच की इथे पाणी कधी येणार ते आधी माहीत असतं. बाकीच्या पटांवर ‘दान चांगलं पडू दे’ एवढीच प्रार्थना करत बसायचं असतं. इथे दान टाकायच्या आधी बोटं मोजावी लागतात: आता दुसरी फेरी, तारा खालच्या किनाऱ्यावर, मी सहा घरं लांब, जाऊ की नको?

बोटं मोजण्यात सगळ्यात पुढे निघाले माझे सासरे. मूळचे गुहागरचे, नोकरीनिमित्त पुण्यात आले ते इथलेच झाले. पहिल्यांदा पाणी चढलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “आज तिथी कुठली?” कोकणातला हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं चढत नाही. मुलीने सांगितलं, “आजोबा, इथे तिथी नसते, तीन फेऱ्या झाल्या की झालं.” त्यावर ते म्हणाले, “मग हा समुद्र नव्हे, म्युनिसिपालिटीचा नळ आहे.” पण त्या दिवसापासून कालनिर्णयच्या फाटलेल्या पानामागे पेन्सिलीने फेऱ्यांच्या रेघा ओढतात, तिसऱ्या रेघेनंतर आडवी काट मारतात. त्यांच्याइतके तारे आमच्यात कोणी घेत नाही. फासा त्यांच्यावर मेहेरबान आहे असंही नाही. ते फक्त पाणी चढायच्या आधी खालच्या अंगाला अडकत नाहीत.

सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते जाम्बोरी साथीदार. मधूनच पटावर एखादं पात्र उभं राहतं, कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचलं की सगळ्यांची एक मोठी लढत होते आणि जिंकणाऱ्याला ते तीन फेऱ्यांसाठी साथीला मिळतं. साथीदार असला की सगळं दुप्पट, म्हणजे ताऱ्यापाशी पोचून चाळीस नाणी मोजली की एका दमात दोन तारे. अर्थात लाल घरावरही दुप्पट जातात. आता बघा, साथीदार तीन फेऱ्यांचा आणि पाणीही तीन फेऱ्यांचं. तारा बुडालेल्या वाटेपलीकडे असताना साथीदार जिंकलात तर बहुतेक वेळा तो फुकट जातो. आमचे भावजी हे दर वेळी विसरतात, लढत जिंकून उड्या मारतात आणि मग कोरड्या भागात गोल गोल फिरत राहतात. वर तुम्हाला ओलांडून कोणी पुढे गेलं तर साथीदार त्याच्याबरोबर निघून जातो. सासरे मुद्दाम भावजींच्या मागे दोन घरं राहतात.

म्हणून या पटावर नाणी राखून ठेवण्यापेक्षा दुकानात खर्च केलेली बरी. हवा तो आकडा देणारा फासा आणि थेट ताऱ्यापाशी नेणारा सोनेरी पाइप या दोन वस्तूंची किंमत इथे इतर पटांपेक्षा जास्त वाटते, कारण पाइपला भरतीशी देणंघेणं नसतं. ज्वालामुखीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो फुटला की आजूबाजूची घरं नुकसानीची होतात, मुलं ओरडतात, संपलं.

किती फेऱ्यांचा डाव लावावा, हे मात्र नीट ठरवा. दहा फेऱ्यांचा डाव या पटाला पुरत नाही, शेवटची भरती-ओहोटी येते तेव्हा एकच फेरी उरलेली असते. पंधरा बऱ्या, पण दीड तास जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळा असली तर आमच्याकडे महायुद्ध होतं. आम्ही स्थिरावलो ते गेममधल्याच ‘प्रो नियम’ या प्रकारावर. तिथे डाव बारा फेऱ्यांचा ठरलेला असतो, म्हणजे पाण्याच्या बरोबर चार पाळ्या. तारा पुढे कुठे जाणार हे आधी कळतं, दुकानातला माल मोजका असतो, लपलेली बक्षिसं नाहीत, आणि शेवटी मिळणारा बोनस तारा कशासाठी आहे ते सुरुवातीलाच जाहीर होतं. नेहमीच्या नियमांत शेवटच्या क्षणी कोणालाही काहीही मिळतं, आणि मग सदाशिव पेठी पद्धतीने “हे नियमात कुठं लिहिलंय?” सुरू होतं. प्रो नियमांत तो आवाज बराच कमी झाला.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पाणी चढता-उतरतानाचं दृश्य पहिल्यांदा सुंदर वाटतं, विसाव्यांदा चहा टाकून येण्याइतकं लांब वाटतं. घरात तिघंच असलो तर चौथा खेळाडू कॉम्प्युटर चालवतो आणि त्याच्या पाळीत नुसतं बघत बसावं लागतं. मजकूर सगळा इंग्रजीत, त्यामुळे सासूबाईंना प्रत्येक छोट्या खेळाचे नियम कोणीतरी वाचून दाखवावे लागतात. त्या खेळत असल्या तर कंट्रोलर हलवावा लागणारे खेळ सेटिंगमधून बंद करतो, आणि त्यांना जॉय-कॉनऐवजी (स्विचचे छोटे कंट्रोलर) मोठा कंट्रोलर देतो. आडव्या धरलेल्या जॉय-कॉनची वरची बारीक बटणं त्यांच्या बोटांना सापडत नाहीत.

भाच्याकडे स्विच २, म्हणजे निन्टेंडोचं नवं यंत्र, आहे, त्यावर जुलै २०२५ मध्ये या गेमची वाढीव आवृत्ती आली. तिच्यात पाच फेऱ्यांचा झटपट डाव लावता येतो. गूम्बा लगूनवर तो लावून पाहिला, तर पाणी एकदाच हललं आणि डाव संपला. सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवायच्या आत निकाल लागला होता. त्यामुळे केवळ या पटासाठी नवं यंत्र घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका, जुन्या स्विचवर बारा फेऱ्या लावा.