थार आणि गटाबरोबरचं ऑफरोडिंग: पावसाळ्यापासून मार्चपर्यंतचा अनुभव

गाडी: महिंद्रा थार, तीन दारांची, एलएक्स डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर, हार्ड टॉप. 2024 च्या जूनमध्ये ताब्यात आली, हा अनुभव 2025 च्या मार्चअखेरपर्यंतचा.

मायलेज, मागच्या सीटवर चढताना होणारी कसरत, हायवेवरचा वाऱ्याचा आवाज यांवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते गिअरच्या शेजारी असलेल्या त्या छोट्या दांड्याबद्दल. टू-हाय (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना), फोर-हाय (चारही चाकांना), न्यूट्रल, फोर-लो (चारही चाकांना, सावकाश पण जास्त जोराने). पुण्यात माझ्या ओळखीत बऱ्याच जणांकडे थार आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा हा दांडा शोरूममधून निघाल्यापासून टू-हायवरच आहे. फोर बाय फोरसाठी जादा पैसे मोजले असतील तर जाणकार मार्शल (ट्रॅकवर उभं राहून वाट दाखवणारे अनुभवी लोक) असलेल्या गटाबरोबर ऑफरोडला, म्हणजे रस्ता सोडून चिखल-दगडांत गाडी चालवायला, जायलाच हवं, आणि गट नसेल तर जाऊच नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

मी गेले ते बहुतेक इव्हेंट मुळशी आणि मावळ भागात, खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी घेऊन आखलेल्या ट्रॅकवर झाले. सकाळी आठच्या आत पोहोचायचं, चहा-पोहे, मग अर्धा-पाऊण तास नुसतं बोलणं. या बोलण्याचा सुरुवातीला कंटाळा येतो, पण दिवसभर उपयोगी पडतं ते हेच. बाटल्या, छत्री, मुलांची खेळणी, काही म्हणजे काही गाडीत सुटं ठेवायचं नाही, कारण उतारावर बाटली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली जाते. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडू शकतो. खिडकीबाहेर हात नाही. आणि पुढची गाडी अडथळा पूर्ण पार करून थांबेपर्यंत आपली जागेवरून हलवायची नाही.

मग टायरमधली हवा कमी करायची. रस्त्यावर मी तीसच्या वर ठेवते, ट्रॅकवर मार्शलनी वीस-बावीस पीएसआयवर आणायला लावली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि दगडाभोवती वाकतो. फरक इतका जाणवतो की पहिल्या चढावर जी गाडी दणके देत होती ती दुसऱ्या खेपेला चिकटून चढली. परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायचीच. म्हणून मी ॲक्सेसरीजमध्ये सगळ्यात आधी एअर कॉम्प्रेसर आणि बरा प्रेशर गेज घेतला.

थारमध्ये फोर-लोला जायचं तर गाडी उभी करून, क्लच दाबून दांडा टाकावा लागतो. एकदा टाकला की मात्र ही वेगळीच गाडी होते. पहिल्या गिअरला, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, माणूस चालेल त्याहून सावकाश ती चढते. 300 न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर) हा आकडा माहितीपत्रकात वाचून काही कळत नाही, धोंड्यावर पुढचं चाक टेकवून क्लच सोडला आणि इंजिन बंद न पडता गाडी हळूहळू वर उचलली गेली की कळतो.

चढापेक्षा उतार अवघड. ऑगस्टमधला एक उतार चांगला आठवतो. तांबडी माती, रात्रभर पाऊस पडलेला, मधोमध पाण्याने कापलेला चर. वरून बॉनेटच्या पुढे काहीच दिसत नव्हतं. मार्शल खाली उभे होते, त्यांचे फक्त हात दिसत होते. वॉकीटॉकीवर आवाज आला, "ताई, फोर-लो, पहिला गिअर. आता तिन्ही पेडलवरचे पाय काढा. स्टिअरिंग सरळ. बाकी इंजिन बघेल." मी पाय काढले. गाडी पुढे झुकली, सीटबेल्ट छातीला घट्ट बसला आणि डिझेल इंजिनाची ती घरघर सुरू झाली. मध्यावर मागचा भाग डावीकडे सरकायला लागला. पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो जाऊ द्यायचा नाही. "थोडा ॲक्सिलरेटर द्या, थोडाच," असं ते म्हणाले आणि मागचा भाग रेषेत आला. ब्रेक दाबला असता तर चाकं थांबली असती आणि ओल्या मातीवर गाडी नुसती घसरली असती. फिरणाऱ्या चाकाला निदान पकड मिळते. गाडीत हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग कमी ठेवणारी सोय, आहे, पण आधी ते न वापरता उतरायला शिका, मग बटण दाबा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला पटला.

चढ अर्ध्यावर राहिला तर काय करायचं हेही त्यांनी मुद्दाम गाडी मध्येच थांबवून शिकवलं. वळवायची नाही, कधीच नाही. आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि आलो त्याच रेषेत इंजिनाच्या जोरावर सरळ मागे उतरायचं. एकट्याने गेलेल्या माणसाला हे सांगणारं कोणी नसतं, आणि अशा वेळी गाडी वळवावीशीच वाटते.

डिसेंबरच्या इव्हेंटला थारबरोबर दोन रॉक्स (पाच दारांची थार) होत्या, एक मारुतीची जिम्नी आणि एक एमएम 540, म्हणजे महिंद्राची जुनी जीप. एकाच ट्रॅकवर गाड्यांचे स्वभाव कसे वेगळे पडतात ते त्या दिवशी बघायला मिळालं. एक मातीचा उंच बांध होता. माझी गाडी ओलांडून गेली, रॉक्सचं पोट माथ्यावर टेकलं. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2450 मिमी, रॉक्सचा 2850. हे अंतर वाढलं की गाडी मधे टेकते, आणि म्हणूनच रॅम्पओव्हर अँगल (पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो कोन) थारचा 27 अंश आहे, रॉक्सचा 24 च्या आसपास. याचा अर्थ रॉक्स वाईट असा नाही, तिच्या चालकाने दुसऱ्या खेपेला मार्शलच्या सांगण्यावरून तिरका कोन धरला आणि बांध पार केला. जिम्नी साधारण बाराशे किलोची, चिखलपट्ट्यातून ती वरच्यावर निघून गेली. आमच्या जड गाड्या तिथे रुतत होत्या. आणि एमएम 540 वाले काका, ज्यांच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून फिरू लागलं की आवरणारी यंत्रणा) नावालाही नाही, ते प्रत्येक अडथळ्याआधी खाली उतरून चालत जाऊन बघून यायचे आणि मग एका दमात काढायचे. दिवसभरात त्यांना दोर लागला नाही.

उतरून बघणं, हीच खरी शिकवण. खड्डा किती खोल आहे, दगड हलतो का, डावं चाक कुठे ठेवलं की उजवं कुठे जाईल, हे सीटवर बसून कळत नाही. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, 226 मिमी आहे, म्हणजे त्याहून उंच दगड पोटाखाली घ्यायचा नाही, त्यावर चाक चढवायचं. नवशिक्यांना हे उलटं वाटतं, दगड मधे घेऊन जावंसं वाटतं.

डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी; माझ्या गाडीत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे, म्हणजे गरज पडली की ती दोन्ही चाकं एकत्र बांधते. कर्णरेषेतली दोन चाकं हवेत गेली की साध्या डिफरन्शियलची सगळी ताकद हवेतल्या चाकाला जाते आणि गाडी जागेवर गरगरते. हे लॉक लागायला मागच्या एका चाकाने दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त फिरावं लागतं. म्हणजे घाबरून पाय काढला तर लॉक लागतच नाही. एकसारखा दाब ठेवायचा, क्षणभर चाक फिरू द्यायचं, मग खटकन आवाज येतो आणि गाडी निघते. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा काहीतरी तुटलं असं वाटलं होतं; मार्शल हसून म्हणाले, लागलं लॉक, चला पुढे.

गाडी अडकली तर ओढून काढणं हा स्वतंत्र विषय आहे, आणि माझ्या मते इव्हेंट कुठला निवडायचा ते यावरून ठरवावं. चांगल्या गटात ताणणारा नायलॉनचा दोर वेगळा, न ताणणारा पट्टा वेगळा, किती भार पेलतं ते लिहिलेले शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), आणि ओढताना सगळे लोक दोराच्या लांबीपेक्षा लांब. विंचच्या (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राच्या) दोरावर जाड कापड किंवा जॅकेट टाकलेलं, म्हणजे तुटला तरी तो उसळत नाही. दोर कंपनीच्या टो हुकलाच लावायचा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटून निघाला तर गोळीसारखा येतो आणि माणूस मरतो. जानेवारीत मी एका दुसऱ्या आयोजकाकडे गेले होते, नाव घेत नाही. गाड्या खंडीभर आणि अनुभवी मार्शल एकच. रुतलेली गाडी ओढताना दोराच्या दोन्ही बाजूंना लोक मोबाईल धरून उभे, लहान मुलंसुद्धा. मी बोलले, त्यांनी हसण्यावारी नेलं. जेवणाआधीच मी गाडी काढून परत आले. पैसे गेले याचं मला काही वाटत नाही, पण तिथे पोरं उभी होती याचा राग अजून आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. कंपनी 650 मिमी खोल पाण्यातून जाता येतं म्हणते. आमच्या गटाचा नियम त्याहून कडक: आधी कोणीतरी काठी घेऊन पायी पार करायचं, गुडघ्यापर्यंत पाणी ठीक, मांडीला लागलं तर जायचं नाही, प्रवाहाला जोर असेल तर गुडघ्याइतकंही नाही. सप्टेंबरच्या ओढ्यात माझा नवरा बांबू घेऊन उतरला होता. पाण्यात शिरलं की सावकाश, एकाच वेगात, गिअर न बदलता. इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिनच बसतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्यावं लागतं. शिवाय मोटार विम्याच्या अटींमध्ये संघटित शर्यती, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याच्या चाचण्या) वगळलेल्या असतात. आपला इव्हेंट त्यात कुठे बसतो ते विमा कंपनीला लेखी विचारा.

गाडीचं काय झालं? साईड स्टेप डाव्या बाजूला वाकली. मार्शलनी आधीच सांगितलं होतं की बाहेरून बसवलेल्या पायऱ्या क्लिअरन्स खातात, आता त्या काढूनच टाकल्यात. एकदा ब्रेक डिस्क आणि पत्र्याच्या मधे खडा अडकून भयंकर घासल्यासारखा आवाज येत होता, गाडी मागे-पुढे केल्यावर पडला. प्रत्येक वेळी खालून नीट धुऊन घ्यावी लागते, रेडिएटरच्या जाळीतला चिखल वाळायच्या आत. एअर फिल्टर लवकर भरतो. ऑल-टेरेन टायर खडकावर छान आहेत, पण चिकण मातीत त्यांचे खाचे भरून गुळगुळीत होतात. बाकी सस्पेन्शन, क्लच, काही कुरकुर नाही.

आणि एक कळकळीची विनंती. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. भरतीला रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी येतात, पोलीस कारवाईही होते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळास, आंजर्ले इथल्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) आणि माळांवरही गाडी घालू नका. पावसाळ्यात जी बारीक फुलं येतात ती बोटभर मातीत येतात, एका चाकोरीने ती माती कायमची जाते. भाताच्या खाचराच्या बांधावरून गाडी नेणं म्हणजे कोणाच्या तरी वर्षभराच्या जेवणावरून नेणं. चांगला गट आखलेली रेषा सोडू देत नाही, आमच्यात एकाने सोडली तर त्याला तिथूनच परत पाठवलं.

पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढं विचारा: किती गाड्यांमागे एक मार्शल, जमीन कोणाची आणि परवानगी आहे का, ओढायचं साहित्य काय, प्रथमोपचार येणारं कोणी आहे का, जवळचं हॉस्पिटल किती लांब. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका. मी गेले तिथे एका दिवसाची फी जेवणासकट तीन ते पाच हजारांच्या दरम्यान होती. दुपारी गावातल्याच एका घरून पिठलं-भाकरी, ठेचा यायचा, त्याचे पैसे गटातर्फे थेट त्या ताईंच्या हातात.

अजून एक तांत्रिक गोष्ट, कारण नव्या मालकांना ती कोणी सांगत नाही. थारची फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय लावून फिरलात तर वळताना सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. इव्हेंटहून निघताना दांडा टू-हायवर आलाय ना, हे डॅशबोर्डवर बघूनच मेन रस्त्याला लागा.

रूफ रॅक, लाईट बार, मोठे टायर मी काही घेतलेलं नाही. आरसीवरच्या मापाबाहेरचे टायर लावले की दावा करताना विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते, आणि आतापर्यंतच्या एकाही ट्रॅकवर कंपनीच्या टायरमुळे मी मागे राहिले नाही. कॉम्प्रेसर, गेज, नायलॉनचा दोर, दोन शॅकल, जाड हातमोजे, एवढं सामान मागच्या सीटखाली मावतं. उरलेले पैसे मी पुढच्या इव्हेंटच्या फीसाठी ठेवलेत.