सहाशे फॉर्म, नव्वद टक्के आणि वकिलाचा फोन

अभ्यासिकेच्या जिन्यात फाडून घ्यायच्या चिठ्ठ्यांची जाहिरात चिकटवलेली होती. 'घरबसल्या फ्रीलान्स डेटा एंट्री. विद्यार्थ्यांना प्राधान्य. एक रुपयाही भरायचा नाही.' शेवटच्या चार शब्दांमुळे मी चिठ्ठी फाडली. आगाऊ पैसे मागतो तो भामटा, एवढं मला ठाऊक होतं. हे तर मागतच नव्हते.

मी टीवाय बीकॉमला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. घर सांगोला तालुक्यात. आण्णा एसटीत कंडक्टर. त्यांच्याकडे दर महिन्याला पैसे मागायची लाज वाटायला लागली होती, आणि कॉलेजातल्या प्रत्येक व्याख्यानात कुणीतरी 'शिकता शिकता कमवा' म्हणून सांगून जायचं. जानेवारी २०२५ ची गोष्ट.

फोनवर एक मॅडम होत्या, बोलायला अगदी गोड. सात दिवसांत ६०० फॉर्म टाइप करायचे, फॉर्मला २५ रुपये, म्हणजे १५,००० रुपये. अचूकता ९० टक्के हवी. आधार, फोटो आणि सहीचा फोटो मागितला. मी पाठवला. तासाभरात पाच पानी ॲग्रीमेंटची पीडीएफ आली, वर ५०० च्या स्टँपचं चित्र, खाली माझी सही चिकटवलेली. महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप ऑक्टोबर २०२४ मध्येच आला होता, त्यामुळे ते चित्र बघून मला उलट बरं वाटलं: माणसं नियमाने चालतात! स्टँप परराज्यातला होता आणि भलत्याच माणसाच्या नावावर विकलेला होता, हे मी खूप नंतर झूम करून पाहिलं.

काम खरंच होतं. याच गोष्टीने मला पुरतं गाफील केलं. लॉगिन मिळालं. डावीकडे धूसर स्कॅन, उजवीकडे ३० रकाने. परदेशी नावं, पत्ते, कसले तरी लांबलचक पॉलिसी नंबर. शून्य की ओ, एक की एल, कळायला मार्ग नाही. सूचना एकच: 'जसं दिसतंय तसं टाइप करा.' एका फॉर्मला सात-आठ मिनिटं लागायची. दिवसाला शहाऐंशी फॉर्म धरा आणि करा हिशोब. अकरा तास होतात. त्या आठवड्यात मी कॉलेजला गेलो नाही, कॉस्टिंगचं एक सबमिशन बुडालं आणि रात्री दीड-दोनपर्यंत रूममेटच्या डोळ्यांवर लॅपटॉपचा उजेड पडत राहिला. पाचव्या दिवशी पोर्टल चार तास बंद होतं. मुदत वाढवून मिळाली नाही. तरी सातव्या दिवशी रात्री अकराला सहाशेवा फॉर्म गेला, आणि मला, खोटं कशाला सांगू, स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी क्यूसी, म्हणजे कामाच्या तपासणीचा, रिपोर्ट आला. बरोबर फॉर्म ४९७. म्हणजे ८२.८ टक्के. कुठे चुकलं ते दाखवा म्हटलं, तर 'कॉन्फिडेन्शियल' आहे म्हणे.

ही ९० टक्क्यांची मेख मला तेव्हा दिसली नाही. एका रकान्यात चूक झाली की अख्खा फॉर्म बाद. ६०० फॉर्मांचे रकाने होतात १८,०००, आणि बाद होऊन चालणार फक्त ६० फॉर्म. चुका वेगवेगळ्या फॉर्मांत पडल्या तर तीनशे रकान्यांमागे एक चूक, एवढीच सूट. धूसर चित्रावरून हे सराईत ऑपरेटरलाही जमणार नाही. आणि जमलं असतं तरी काय, रिपोर्ट तेच बनवणार होते.

आता गोड मॅडम गायब झाल्या आणि 'लीगल डिपार्टमेंट' आलं. करार मोडल्यामुळे पोर्टलचे ५,००० भरा, वर १८ टक्के जीएसटी ९०० रुपये. पाच हजार नऊशे भरले की एनओसी मिळेल, नाहीतर केस. मी दोन दिवस फोन उचलले नाहीत. मग व्हॉट्सॲपवर नोटीस आली, वर तराजूचं चित्र, खाली गोल शिक्का. पाठोपाठ एका वकिलाचा फोन. परराज्यातल्या एका कोर्टाचं नाव घेऊन तो म्हणाला, "उद्या तुमच्या गावच्या पोलीस पाटलाकडे समन्स जाईल, परवा कॉलेजच्या प्रिन्सिपॉलकडे."

गावचा पत्ता आधारवर होताच.

त्याच सेमिस्टरला आम्हाला मर्केंटाइल लॉ होता. भारतीय करार कायदा, १८७२. कलम ७४ वर मी अंतर्गत परीक्षेत उत्तर लिहून आलो होतो: करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही, कोर्ट फार तर त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. फसवून घेतलेली संमती रद्द करता येते, हे कलम १९ सुद्धा पाठ होतं. करार मोडणं हा दिवाणी मामला, त्यात पोलीस कुणाला उचलत नाहीत. सगळं येत होतं. दहापैकी आठ मार्क होते. आणि मी हात थरथरत असताना यूपीआयने ५,९०० पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव स्क्रीनवर आलं ते कंपनीचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. तेही मी वाचलं, आणि पिन टाकला. तेवढ्या पैशांत माझी दोन महिन्यांची मेस झाली असती.

कायदा माहीत नव्हता म्हणून मी फसलो नाही. आण्णांना कळेल, या भीतीने फसलो. यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. पोरगं घरी न सांगता काम करतंय, हे त्यांना पहिल्या फोनवरच कळतं. 'घरी कोण कोण असतं?' असं मॅडमनी किती मायेने विचारलं होतं!

एनओसी आली नाही. आठ दिवसांनी नवी मागणी आली: केस मागे घ्यायचे ७,५०० अधिक जीएसटी. तेव्हा मी रात्रीच्या गाडीने गावी गेलो आणि आण्णांना सांगितलं. वाटलं होतं, उभा फाडतील. त्यांनी मोबाईल लांब धरून ती नोटीस वाचली आणि विचारलं, "पोस्टमन आल्ता का?"

"नाही. व्हॉट्सॲपवरच आली."

"आरं, बांधाच्या केसला नोटीस आली तवा पोस्टमननं सही घेतल्याबिगर पाकीट हातात दिलं न्हवतं. आन् केसचा नंबर कुठाय हितं?"

नंबर होता, पण तो कशाचा होता देव जाणे. जिल्हा आणि तालुका कोर्टातल्या केसला सीएनआर नावाचा सोळा अंकाक्षरांचा क्रमांक असतो. तो ईकोर्ट्सच्या साइटवर टाकला की पक्षकार, तारखा सगळं दिसतं. पैसे लागत नाहीत. नोटिशीवर तसा क्रमांकच नव्हता. ज्या पावतीवर जीएसटी लावला होता तिच्यावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरी निघाला. तो १५ अक्षरी असतो. टीवाय बीकॉम!

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, मग पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी पहिला प्रश्न केला, पैसे कधी गेले? अकरा दिवस झाले होते. पैसे गेल्या-गेल्या १९३० ला कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवून धरता येते. अकरा दिवसांत ते खातं रिकामं झालं होतं. माझे पैसे परत आलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. परत आल्यावर रूममेटने त्याच्या मावसभावाचा लॅपटॉप दाखवला. त्यानेही दोन वर्षांपूर्वी असंच काम केलं होतं, दुसऱ्या नावाच्या कंपनीसाठी. त्याने काही स्क्रीनशॉट ठेवले होते. तेच फॉर्म! तीच नावं, तेच पॉलिसी नंबर, तोच धूसरपणा. माझे सत्तर-ऐंशी तास कुणालाच नको होते. ते फॉर्म कुणी वाचणार नव्हतं, कधीच नाही.

म्हणून 'विद्यार्थ्यांनी फ्रीलान्सिंग करावं का' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ते काम कुणाला हवंय? सध्या मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रेसचं डीटीपीचं काम घेतो. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग जोडाक्षरं कुठे फुटलीत ते बसून दुरुस्त करायचं. पानामागे वीस रुपये. पंधरा हजारांचं स्वप्न इथे कुणी दाखवत नाही. पण मालकांनी पहिल्या दिवशी पाच पानं नमुन्याला दिली, चुकांवर लाल पेनने गोल केले आणि त्या पाच पानांचेही शंभर रुपये हातावर ठेवले. पुस्तकाचा लेखक मधूनच येऊन ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालतो. परीक्षेच्या महिन्यात काम घेणार नाही म्हटलं तर मालक कुरकुरतात आणि ऐकतात. आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर मी जात नाही. त्या जानेवारीतला कॉस्टिंगचा बॅकलॉग अजून निघायचाय.

तुमच्यापैकी कुणी आत्ता या चक्रात अडकलं असेल तर पैसे भरू नका. एकदा भरलेत की तुमचं नाव 'भरणाऱ्यांच्या' यादीत जातं. चॅट पुसू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर बँक देते तो संदर्भ क्रमांक) लिहून ठेवा, १९३० लावा. आणि घरी सांगा, आज रात्रीच. मी ते अकरा दिवस जेवण जात नाही म्हणून मेसचा डबा कुत्र्याला घालत होतो.

मागच्या गुरुवारी परत फोन आला. वकीलसाहेब बदललेत, आता बाईंचा आवाज आहे. अटक वॉरंट निघालंय म्हणाल्या. मी कागद-पेन घेतलं आणि सीएनआर नंबर सांगा म्हटलं.

"कसला नंबर?" त्यांनी विचारलं.