लेटेकचा प्रबंध वर्डमध्ये: पॅनडॉक वापरून पाहिलं

आमच्या सरांना ट्रॅक चेंजेसशिवाय (वर्डमधली, केलेले बदल खुणांसह दाखवणारी सोय) तपासताच येत नाही, म्हणून लेटेकमधला (आज्ञा लिहून मजकूर मांडायची प्रणाली) प्रबंध वर्डमध्ये नेणं भाग होतं. त्यासाठी पॅनडॉक हे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारं सॉफ्टवेअर घेतलं. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे (हो, तत्त्वज्ञानाचेच!) प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, फुकट. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एक ओळ टाइप करायची, बस्स. समीकरणं चित्रं म्हणून नाही, वर्डची स्वतःची समीकरणं होऊन येतात. सरांनी थेट त्यातच घातांक बदलला. संदर्भसूचीसाठी त्याच ओळीत ‘सिटेप्रॉक’ हा पर्याय द्यायचा. विद्यापीठाचे फॉन्ट आणि समास हवे असतील तर नमुन्याची वर्ड फाइल ‘रेफरन्स-डॉक’ म्हणून जोडा. टिक्झच्या (लेटेकमध्येच आज्ञा लिहून काढलेल्या) आकृत्या मात्र उतरत नाहीत, त्यांची आधी पीएनजी चित्रं करून ठेवा. पानाची मांडणी हुबेहूब हवी असेल, तर याच्या नादी लागू नका.