एक लाख चाळीस हजारांचं कांबळं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एक लोकरी ब्लँकेट मी एक लाख चाळीस हजार रुपये मोजून घेतलं आणि फसलो. बायको हसली, मुलगीही हसली. दहिवडीहून फोनवर आई मात्र हसली नाही. "कांबळ्याचे?" एवढंच तिनं विचारलं आणि मग इतका वेळ गप्प राहिली की फोन कट झाला असं मला वाटलं.

छंद जरा विचित्र आहे, तेव्हा आधी तो सांगतो. मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो, पोटासाठी सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि वर्षातून तीन-चार वेळा १८३० सालात जाऊन राहतो. त्या काळी रॉकी पर्वतात बीव्हर, म्हणजे ओढ्यांत राहणारा एक केसाळ प्राणी, धरत हिंडणारे लोक होते, त्यांना माउंटन मॅन म्हणतात. बीव्हरच्या राठ केसांखाली बारीक लव असते. तिचा नमदा करून सभ्य लोकांच्या उंच टोप्या बनायच्या. १८२५ साली विल्यम अ‍ॅशली या व्यापाऱ्यानं युक्ती काढली. कातडी विकायला ट्रॅपरनं, म्हणजे सापळे लावून बीव्हर धरणाऱ्यानं, सेंट लुईस शहरापर्यंत यायचंच नाही, मालच डोंगरात न्यायचा. मग दर उन्हाळ्यात ठरलेल्या खोऱ्यात जत्रा भरायला लागली. तिला राँदेव्हू म्हणत. पहिली हेन्रीज फोर्क नदीच्या काठी भरली आणि शेवटची १८४० मध्ये ग्रीन नदीच्या काठी, दोन्ही आजच्या वायोमिंगमध्ये. तोवर टोप्या रेशमाच्या व्हायला लागल्या होत्या आणि ओढ्यांतले बीव्हरही संपत आले होते.

या जत्रांची एक गोष्ट मी बघायला येणाऱ्यांना दरवर्षी रंगवून सांगतो. ट्रॅपर वर्षभर बर्फाच्या पाण्यात उभा राहून कातडी जमवायचा, पहिल्या जत्रेत ती तीन डॉलर पौंडानं घातली. आणि व्यापाऱ्याकडची साखर, कॉफी, दारूगोळा सेंट लुईसच्या कितीतरी पट भावानं घ्यायची. पुढच्या जत्रांत त्यात पाणी घातलेली दारू आली. आठवड्याभरात वर्षाची कमाई खलास, आणि गडी उधारीवर पुन्हा डोंगरात. अ‍ॅशली मात्र १८२६ मध्ये धंदा विकून मोकळा झाला, चांगला श्रीमंत होऊन. ही गोष्ट ऐकून पोरं हसतात, मीही हसायचो.

आता आम्ही जे करतो ते असं. कॅनव्हासचा तंबू, चकमकीनं पेटवलेली चूल, ठासणीची बंदूक, अंगावर हातानं शिवलेले कपडे. १८४० नंतरचं काही दिसता कामा नये. प्लास्टिक नको, चेन नको, आइस-बॉक्स असलाच तर घोंगडीखाली झाकायचा. जे घरासारख्या गाड्या घेऊन येतात त्यांचा तळ लांब, त्याला आम्ही 'टिन टिपी' म्हणतो. तळाचा प्रमुख तो बूशवे. मी कॅम्पकीपर असतो, म्हणजे ट्रॅपर बाहेर गेले की मागे राहून स्वयंपाक करणारा आणि कातड्यांचं मांस खरवडणारा. काम हलकं, पण भाकरी मी चांगली करतो, त्यामुळे मला मान आहे.

तरी दर वेळी कुणीतरी विचारतंच, "तू कोण?" इंडियन म्हणावं तर वेगळाच घोळ होतो. कोलंबसाची ती चूक मला दर सप्टेंबरला निस्तरावी लागते. मी सांगतो की कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीकडे हवाई बेटांवरचे लोक कामाला होते, अमेरिकनांच्या टोळ्यांत जिम बेकवर्थसारखा काळा माणूस नावाजलेला होता, इरोक्वॉय जमातीचे आदिवासी होते, फ्रेंच कॅनेडियन होते, मग मी का नसेन? लोक मान डोलावतात. पण आठ वर्षं झाली तरी आपण उपरेच आहोत असं आत कुठेतरी खुपतंच. त्या काळची एक तरी अस्सल वस्तू आपल्या तंबूत असावी, म्हणजे कुणी विचारायचं नाही, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मला फसवणाऱ्या माणसानं नेमकी तीच नस धरली.

२०२५ च्या मार्चमध्ये हडसन्स बे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १ जूनपर्यंत तिची सगळी दुकानं बंद झाली. १६७० सालची कंपनी! तिची पट्ट्यापट्ट्यांची लोकरी ब्लँकेटं आमच्या छंदातला जीव की प्राण, कारण त्यांचेच कपोट, म्हणजे टोपीवाले लांब कोट, शिवतात. ही ब्लँकेटं १७७९-८० पासून इंग्लंडमधल्या विटनी गावात विणून यायची. काठाला काही आखूड काळ्या रेघा विणलेल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. दुकानं बंद झाल्यावर जुन्या ब्लँकेटांचे भाव चढले आणि गिऱ्हाइकं हातघाईवर आली. मीही त्यात होतो.

जूनच्या शेवटी आमच्या छंदवाल्यांच्या एका ग्रुपवर फोटो आला. तपकिरी टेबलावर घडी घातलेलं ब्लँकेट, शेजारी पितळी कंदील. 'सन १८३२ च्या आसपासचं, मॉन्टानातल्या पणजोबांच्या पेटीतून.' मी निरोप टाकला. माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका. आमच्या तळावरची भाषा त्याला तोंडपाठ होती, नवख्याला 'पिलग्रिम' म्हणतात हेसुद्धा. त्यानं सांगितलं, "हे चार पॉइंटचं आहे, म्हणजे त्या काळी याला चार बीव्हर मोजलेत."

इथेच मी थांबायला हवं होतं. पॉइंट म्हणजे बीव्हरची किंमत, ही भाकडकथा आहे. पॉइंटवरून ब्लँकेटचा आकार कळतो. गठ्ठा न उलगडता कारकुनाला माप समजावं म्हणून ती खूण. आमच्या छंदात दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं! पण मी मनात म्हटलं, पणजोबांच्या घरात अशीच गोष्ट सांगत असतील. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते हेच.

भाव त्यानं २,२०० डॉलर सांगितला आणि तिसऱ्या दिवशी आपणहून १,६५० वर आला. घरात आजारपण आहे, म्हणाला. शिवाय कॅनडातला एक गिऱ्हाईक रात्रीपर्यंत पैसे टाकतोय, तेव्हा आजच काय ते सांगा. पैसे 'मित्र-नातेवाईक' म्हणून पाठवा, म्हणजे तीन टक्के कापले जाणार नाहीत. ते तीन टक्के वाचवले म्हणून मी स्वतःवर खूश झालो होतो. खरेदी म्हणून पैसे पाठवले असते तर तक्रार करायला जागा राहते. मित्राला पाठवलेले पैसे ही भेट ठरते. दुसऱ्या दिवशी पार्सलच्या विम्याचे म्हणून त्यानं आणखी १४० मागितले, तेही दिले.

पार्सल आलं, हीच तर त्याची हुशारी. काहीच आलं नसतं तर मी त्याच आठवड्यात बोंब मारली असती. खोक्यातून धुराचा आणि देवदाराचा वास आला, लोकर जड होती, काठाला चार रेघा होत्या. फोटोत तिसऱ्या रेघेजवळ रफू होतं, आलेल्यात ते नव्हतं. फोटो दुसऱ्या टोकाचा असेल, असं मीच स्वतःला समजावलं. दुसरं टोक उलगडून पाहिलंसुद्धा नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला वायोमिंगमधल्या फोर्ट ब्रिजरला मोठी राँदेव्हू भरते. घरापासून गाडीनं पाच तास. (जिम ब्रिजर या ट्रॅपरनं हा किल्ला बांधला तो १८४३ च्या सुमारास, म्हणजे खऱ्या जत्रा संपल्यावर. आम्ही तिथे १८४० पूर्वीचे कपडे घालून जातो. असो.) तिथे व्यापाऱ्यांच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई कपोट शिवून विकतात. चाळीसेक वर्षं त्या हेच करताहेत. मी मोठ्या तोऱ्यात ब्लँकेट त्यांच्यापुढे ठेवलं.

आधी त्यांनी वास घेतला आणि नाक मुरडलं. मग रेघा न मोजता सरळ कोपरा उलटा केला, चष्मा नाकावर ओढला आणि लोकरीवरून नख फिरवायला लागल्या. एका जागी नख थांबलं. तळहाताएवढा चौकोन, बाकीच्यापेक्षा जरासा उजळ. त्याच्या कडेनं टाचणीच्या टोकाएवढी भोकं, एका ओळीत, सारख्या अंतरावर. मी तो चौकोन घरीच पाहिला होता. डाग निघाला असेल, असं मला वाटलं होतं.

"पोरा, इथलं लेबल कुणी काढलं?"

कंपनीनं ब्लँकेटला लेबल शिवायला सुरुवात केली १८९० मध्ये. दुसऱ्यांची तशीच ब्लँकेटं बाजारात आली, म्हणून. म्हणजे जिथे लेबल होतं ते ब्लँकेट १८३२ चं असणं शक्यच नाही. बाई तिथेच थांबल्या नाहीत. एका भोकात दोऱ्याचा तुकडा अडकला होता. तो त्यांनी चिमट्यानं ओढून काढला आणि मेणबत्तीला लावला. सुती दोरा जळून राख झाली असती. हा आक्रसला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, अजून कोमट होता. असा मणी होतो तो नायलॉनसारख्या कृत्रिम दोऱ्याचा, आणि नायलॉन बाजारात आलं तेच १९३८-४० च्या सुमारास.

"ब्लँकेट चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दोनशे डॉलरला मीच दिलं असतं."

माझे आजोबा माण तालुक्यात मेंढरं राखायचे. घोंगडं घेताना ते उन्हाला धरायचे, काठ चिमटीत धरून चोळायचे, चिंचोक्याची खळ किती आहे ते बघायचे, आणि मगच भावाचं बोलायचे. त्यांचा नातू फोटोतला कंदील बघून भुलला. आईच्या फोनवरच्या शांततेत हे सगळं होतं, असं मला वाटतं.

पुढचं थोडक्यात. तो माणूस आधी म्हणाला, आजीनं नावाची चिठ्ठी शिवली असेल. मी दोऱ्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं मला ब्लॉक केलं. दोन दिवसांत त्याचं खातंच नाहीसं झालं. बँकेनं सांगितलं, पैसे तुम्हीच, तुमच्या हातानं, मित्राला पाठवलेत. सरकारी संकेतस्थळावर तक्रार केली, क्रमांक मिळाला, आणि तेव्हापासून ते भिजत घोंगडं तसंच पडलंय. तो फोटो शोधून पाहिला, तर तो एका लिलावाच्या जुन्या जाहिरातीतला निघाला. फक्त कंदील त्याचा, बाजूला नंतर जोडलेला. ग्रुपवर लाज सोडून लिहिलं, तेव्हा आणखी तिघे पुढे आले. एक जण तर संग्रहालयात काम केलेला. त्यानं माझ्याआधी दोन महिने पैसे घालवले होते आणि लाजेपायी गप्प बसला होता. तो तेव्हा बोलला असता तर मी वाचलो असतो. म्हणून हे लिहितोय.

त्या काळची ब्लँकेटं फार थोडी उरलीत. लोकांनी ती पांघरली, फाडून कोट आणि मोजे केले, उरलेली कसरीनं खाल्ली. जे उरलंय त्याची किंमत एखादा तीन दिवसांत साडेपाचशेनं उतरवत नाही. जुनं म्हणून काही घेणार असाल तर विकणाऱ्याला सांगा की आजची तारीख कागदावर लिहून त्या वस्तूवर ठेव आणि चारही कोपऱ्यांचे फोटो पाठव, उलट्या बाजूचेही. खरा माणूस पाच मिनिटांत पाठवतो. मी हे आता दोनदा करून पाहिलं. एकानं लगेच पाठवले, दुसरा म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू दे." राहू दिलं.

ब्लँकेटचंच असं नाही. मेंदू चोळून, धुरी देऊन कमावलेलं हरणाचं कातडं म्हणून कारखान्यातलं रंगवलेलं कातडं सर्रास खपवतात. कडेला छोटासा छेद देऊन बघा, मधला थर निळसर-राखाडी निघाला तर तो क्रोमचा, म्हणजे कारखान्यात रसायनानं कमावलेला, माल. 'ग्रीन रिव्हर' छापाचा सुरा १८३० चा म्हणून कुणी दाखवला तर हात जोडा. तो कारखाना १८३४ चा, आणि तोही मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीन नदीवरचा, आमच्या जत्रेच्या नदीशी त्याचा काही संबंध नाही. हॉकन बंधू हे त्या काळचे नावाजलेले बंदूक बनवणारे, त्यांचं नाव कोरलेल्या बंदुकीबद्दल तर मी बोलतच नाही. नाव कोरायला एक छिन्नी पुरते.

ब्लँकेट मी फेकलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्या बाईंच्या घरी दोन दिवस बसून त्याचा कपोट शिवला. कापताना त्यांनी तो उजळ चौकोन मुद्दाम टोपीच्या आत येईल असा बेत केला. टोपी ओढली की तो बरोबर कानामागे येतो. उबदार आहे, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात तो कंदील पुन्हा दिसला. वेगळं नाव, वेगळा ग्रुप, या वेळी बीव्हरचा सापळा, '१८३० चा', १,९०० डॉलर. मी तिथे लिहिलं, तासाभरात माझं लिहिलेलं काढून टाकण्यात आलं. म्हणून इथे खूण देऊन ठेवतो. पितळी चौकोनी कंदील, वर गोल कडी, डाव्या काचेला खालून वर गेलेला तडा. वस्तू कुठलीही असो, शेजारी हा कंदील दिसला तर पैसे पाठवू नका, आणि मला कळवा.