२४ गेजची जाळी आणि न खणलेला चर

आकडा आधीच सांगून टाकतो: ४०,३६० रुपये. पाच गुंठ्यांतली भाजी सशांपासून वाचवायला एवढे गेले, आणि त्या हंगामात घरच्या मेथीची एक जुडी काही ताटात आली नाही.

पुरंदर तालुक्यात वाटणीत आलेला हा तुकडा, ५५ बाय ९९ फूट. बांधापलीकडे गवताळ माळ. नोकरी सुटल्यावर हिने आणि मी तिथं भाजी करायची ठरवली. दिवाळीनंतर कोबीची रोपं लावली, मेथी-पालक टाकला, दोन वाफे वाटाण्याचे. पंधरा दिवसांत रोपं रोज चार-सहा करून कमी व्हायला लागली. देठ ब्लेडनं तिरके कापल्यासारखे. शेळीनं खाल्लं तर ओरबाडल्याच्या चिंध्या राहतात, सशाचा काप स्वच्छ असतो. वाफ्यात गोल कोरड्या लेंड्याही होत्या.

शेजारचे आण्णा म्हणाले, "जुन्या साड्या बांधा कडंनं, खालनं दगडं ठिवा. दोन म्हैनं रोपं मोठी हुईस्तोवर जपायचं, मग न्हाई खात एवढं." पण पेन्शनीचा पैसा हातात होता आणि साड्या बांधलेलं शेत दिसायला बरं नाही असं मला वाटलं. (हिला नव्हतं वाटलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

ओळखीतून एक कंपाउंडवाला आला. तिशीतला, गोड बोलणारा. आल्या आल्या चप्पल काढून हिच्या पाया पडला. मग मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ दाखवला. ससा जमिनीत बीळ करून जाळीखालून आत शिरतोय. "काका, वरून जाळी लावून उपयोग नाही. दीड फूट चर खणून जाळी खाली गाडायची. ऑस्ट्रेलियात हजार-हजार किलोमीटर असं कुंपण आहे."

ही गोष्ट खोटी नव्हती. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात सशांसाठी खरोखरच लांबच लांब कुंपण घातलं. पहिल्या कुंपणाची लांबीच १,८३३ किलोमीटर. मुलानं नंतर शोधून सांगितलं की ते पुरं व्हायच्या आधीच ससे पलीकडे पोचले होते. पण मुद्दा तो नाही. तो ससा आणि आपल्या माळावरचा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. युरोपातून तिकडे नेलेला बिळं करतो, जमिनीखाली राहतो. आपला, मानेवर काळा डाग असलेला, बीळ करतच नाही. दिवसा गवतात उथळ खळगा करून दबून बसतो आणि अंधार पडला की चरायला निघतो. पिल्लंसुद्धा उघड्यावर, डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, आणि तिथंच मी सापडलो. जन्म गावात काढलेल्या आण्णांना विचारलं असतं तर चराचे पैसे तिथंच वाचले असते. "ससा आनी उकरतोय?" असं ते नंतर म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले.

आता जाळीचं. मी हार्डवेअरच्या दुकानात चौकशी करून ठेवली होती, षटकोनी जाळी २० गेजची घ्या असं तिथं सांगितलं होतं. ते मी मोठ्या जाणकारीनं त्याला ऐकवलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला आता कळतं.

"वीस सगळेच टाकतात काका. तुमच्यासाठी चोवीस टाकतो. चार गेज जास्त. भाव वीसचाच लावतो, काकूंच्या हातचा चहा प्यायलोय."

मी खूश. घरी येऊन हिला सांगितलं की घासाघीस न करताच चार गेज जास्त मिळवले.

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी कपाळावर हात मारला असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. २० गेजची तार साधारण ०.९ मिलिमीटर जाड, २४ गेजची ०.५६ च्या आसपास. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण वजनात धरलं तर त्याच मापाच्या जाळीत शंभर किलो लोखंडाच्या जागी जेमतेम सदतीस-अडतीस किलो उरतं. म्हणजे वीसच्या भावात मी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त लोखंड घेतलं आणि वर त्याचे आभार मानले. शिवाय त्यानं चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात '२४ गेज' लिहून दिलं होतं. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. माझं अज्ञान त्यानं माझ्याच सहीनं घेतलं.

खरी चोरी पुढे आहे. घेर ३०८ फूट. चार फुटी जाळी, खांबांसकट ९५ रुपये फूट, म्हणजे २९,२६०. चर खणून दीड फूट गाडायचे फुटाला २५, म्हणजे ७,७००. काम सुरू झालं त्या दोन दिवसांत आम्ही पुण्याला लग्नात होतो. लग्नाची तारीख त्याला मीच सांगितली होती. परत आलो तर कुंपण उभं, बुडाशी मातीचा छान लिंपलेला वरवंडा, पाणीसुद्धा शिंपडलेलं. जाळी जमिनीवर अडीच फूट दिसत होती, म्हणजे हिशेब बरोबर. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले.

आठवड्यात कोबीची आणखी रोपं गेली. पाटाचं पाणी जिथून आत येतं तिथं जमीन खोलगट आहे, त्या फटीतून ससा आरामात येत होता. शिवाय जाळीची भोकं दोन इंची, लहान पिल्लू त्यातूनही शिरतं. एका कोपऱ्यात कुत्र्यानं धडक मारली तर तार नुसत्या हातानं तुटावी तशी तुटली. फोन केला. "काका, ससा उडी मारत असणार. यंत्र लावा." ३,४०० रुपयांचं सोलर यंत्र, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढतं म्हणे. पाच रंगांचे दिवे रात्रभर मिचकावायचं. चौथ्या दिवशी सकाळी ताज्या लेंड्या नेमक्या त्याच्या खांबाच्या बुडाशी होत्या. असला आवाज उघड्यावर फार लांब पोचत नाही, आणि पोचला तरी जनावर त्याला सरावतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ सालीच असल्या आवाजाच्या यंत्रांच्या ६० हून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका अशी पत्रं पाठवली होती. हे मला पैसे दिल्यावर कळलं, नेहमीप्रमाणे.

फेब्रुवारीत शेवग्यासाठी कुंपणालगत खड्डा घेतला तेव्हा उरलेलं उघडं पडलं. जाळी जमिनीत वीतभरही नव्हती. आणखी तीन ठिकाणी उकरलं, तेच. टेप लावला: जाळीची एकूण रुंदी तीन फूट. चार फुटी कधी आलीच नव्हती. म्हणजे नको असलेल्या चराचे पैसे, तोही न खणलेला, आणि त्यात गाडायची जाळीसुद्धा न आणलेली.

भांडायला गेलो तर म्हणाला, "पावती दाखवा." माझ्याकडे साध्या कागदावरची चिठ्ठी. नाव नाही, जीएसटी नंबर नाही, जाळीची रुंदी लिहिलेली नाही. पैसे रोख. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पण समोर मांडायला माझ्याकडे होतं काय? म्हणून कुंपण घालणार असाल तर बिलावर तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, भोकाचं माप, रुंदी, भेंडोळ्याचं वजन हे सगळं लिहून घ्या, आणि भेंडोळं उलगडायच्या आधी काट्यावर ठेवा. गाडायचं काम असेल तर चर उघडा असतानाच फोटो. लग्न असेल तर काम पुढं ढकला.

शेवटी त्यानं जाता जाता आणखी एक उपाय सुचवला होता: फासे लावा, नाहीतर "औषध" आणून देतो. हे मात्र नाही केलं. ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, फास लावणारा गुन्हेगार ठरतो. आणि ते औषध म्हणजे फोरेट या विषारी कीटकनाशकाचे उग्र वासाचे दाणे निघाले, ज्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. पालकाच्या वाफ्याशेजारी ते टाकायचे!

या वर्षी खालचे दोन फूट एक इंची भोकाची, वीस गेजची जाळी लावली आहे. बुडाचा सहा इंच भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर मुडपून त्यावर दगड रचले. पाटाच्या तोंडाशी जाळीचीच झडप केली. आणि रोपं कोवळी होती तोवर हिच्या चार जुन्या साड्या. आण्णांनी येऊन पाहिलं, काही बोलले नाहीत.

गेल्या रविवारी वरच्या बाजूच्या तुकड्यात पुण्याचं एक जोडपं आलं होतं. त्यांनाही कुंपण घालायचं आहे, माणूस ठरलाय, आगाऊ रक्कम द्यायची बाकी आहे म्हणाले. मी म्हटलं, जाळी २० गेजचीच घ्या.

"नाही काका," तो मुलगा उत्साहानं म्हणाला, "तो आम्हाला त्याच भावात चोवीसची देतोय."