आगुंब्याच्या पावसात शिकलेलं, धारूरच्या माळावर वापरलेलं

जंगलात तग धरायला शिकवणाऱ्या मोहिमांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक परत आल्याच्या आठवड्यात लिहिलेलं असतं. अंगावर जळवांच्या खुणा ताज्या, फोनमध्ये फोटो ताजे, सगळं भारी वाटत असतं. मी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आगुंब्याला अशाच एका मोहिमेला जाऊन आलो. मध्ये हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आता मृगाची वाट बघतोय. नोकरी छत्रपती संभाजीनगरला, शेत धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. त्यामुळं शिकलेलं वापरायला जागा होती. त्यातलं काय उपयोगाला आलं आणि कशावर धूळ बसली, तेवढंच लिहितो.

आगुंबे कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यात, घाटाच्या अगदी कडेला. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. आमच्या बीड जिल्ह्याची सरासरी सहा-सातशेच्या घरात, म्हणजे आमचा दहा वर्षांचा पाऊस तिथं एका वर्षात पडून मोकळा होतो. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते बघितलेल्या माणसाला पाण्याची टंचाई वेगळी शिकवावी लागत नाही. आगुंब्याला टंचाई कोरडेपणाची. लाकूड ओलं, माती ओली, काडेपेटी मऊ पडलेली, दोन दिवसांत पायाची कातडी पांढरी होऊन सुटायला लागलेली. अख्खी मोहीम म्हणजे कोरडं काय उरलंय ते सांभाळायचं, एवढंच काम.

पहिला नियम कपड्यांचा. एक जोड ओला, एक कोरडा. कोरडा फक्त झोपताना. सकाळी तो काढून पिशवीत बंद करायचा आणि रात्रभर टांगलेला गारढोण ओला जोड पुन्हा अंगात घालायचा. ऐकायला सोपं आहे. पहाटे ती ओली पँट मांडीला लागली की आयोजकांना भरलेला एक एक रुपया आठवतो. पण ज्यांनी आळस करून कोरड्या जोडावरच चालायला सुरुवात केली, ते पुढच्या रात्री कुडकुडत बसले.

शिकवणारा मलनाडचाच, म्हणजे त्याच डोंगराळ भागातला माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. हिंदी मोडकी, बोलणं कमी, कमरेला कोयता. त्याच्या शिकवण्यातला सगळ्यात दमदार भाग आगीचा. पडलेलं लाकूड उचलायचंच नाही, ते स्पंजासारखं पाणी धरतं. उभं वाळलेलं झाड शोधायचं, मनगटाएवढी फांदी तोडायची, कोयत्यानं उभी चिरायची. बाहेरून काळं-हिरवं शेवाळ, आत मात्र गाभा कोरडा आणि फिकट. त्या गाभ्याचे छिलके काढायचे, पण पूर्ण तोडायचे नाहीत, काडीलाच झुपक्यासारखे लटकत ठेवायचे. जमिनीवर आधी काड्यांचा थर, नाहीतर खालची ओल आग पिऊन टाकते. वर आगकाडीएवढ्या काड्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. तिन्ही ढीग आधी तयार पाहिजेत. आमच्यातले निम्मे ठिणगी पडल्यावर काड्या शोधायला पळायचे आणि तोवर सगळं विझलेलं असायचं. पेटवायला फेरो रॉड, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणारी कांडी, आणि त्याला साथ धुपाच्या झाडाच्या राळेची. बोराएवढा खडा ठेवला की तो काळा धूर सोडत निवांत जळत राहतो, ओल्या काड्यांना पेट घ्यायला वेळ मिळतो. राळ नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण पंक्चरवाल्याकडं ती फुकट मिळते.

आता हे आमच्या माळावर. आमच्याकडं तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. फेब्रुवारीनंतर एक काडी ओढली की काम झालं. फेरो रॉड मी हौसेनं चारदोन वेळा वापरला, आता तो किल्ल्यांच्या जुडग्याला लटकतोय. परतीच्या पावसानं शेतावर अडकवलं तेव्हा तेवढा तो आणि ट्यूबची पट्टी कामाला आली, चहा झाला. आमच्या भागाला गरज उलटी आहे, आग विझवायची. वाळलेल्या गवतावर वारा सुटला की डोंगर बघता बघता काळा होतो. मोहिमेत आग विझवण्याला दिलेला वेळ चहाच्या सुट्टीएवढा. त्यातलं कामाचं एकच: पाणी ओतून काडीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि उलटा हात राखेत घालून गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही. शेतावर येणाऱ्या पोरांना मी हे आता सक्तीनं करायला लावतो. आणखी एक. हे शिकून आलेले उत्साही लोक गौताळ्यात जाऊन शेकोट्या करायचं बोलतात. ते अभयारण्य आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिथं आग लावणं गुन्हा आहे. आमचं शिबिरसुद्धा राखीव जंगलात नव्हतं, सुपारीच्या खाजगी बागेला लागून असलेल्या रानात होतं.

निवाऱ्याचं कौतुक मात्र आत्यापुढं सांगायला नको होतं. दोन झाडांत दोरी, वर ताडपत्री, तिला ताण देणाऱ्या गाठी, दोरीवरून पाणी आत येऊ नये म्हणून ठिबकायला बांधलेली चिंधी, हे सगळं मी अंगणात करून दाखवलं. आत्यानं उमेदीची वर्षं ऊसतोडीला काढलेली, कारखान्याच्या तळावर दर हंगामाला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी केलेली.

“पैशे देऊन कोपी बांधायला शिकून आलास व्हय रं?”

मी म्हटलं, आत्या, तिथं पाऊस लई असतो.

“मंग पाचटाचा उतार जास्ती ठिवायचा. त्येला कशाला कर्नाटकात जायचं?”

तिचं बरोबर आहे. उतार, वाऱ्याकडं पाठ, बाजूनं चर, बांबू कुठं रोवायचा, हे बीडच्या हजारो घरांत आधीपासून आहे आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. गाठींचंही तसंच. कडब्याची ट्रॉली आवळणारा आमचा गडी ताण देणारी गाठ माझ्या दुप्पट वेगानं मारतो. मला नवीन मिळाली ती बोलाइन, न सरकणारा फास. विहिरीत मोटार सोडताना आता तीच वापरतो. कितीही वजन आलं तरी घट्ट बसते आणि काम झाल्यावर बोटानं सुटते.

झोळी, म्हणजे मच्छरदाणी शिवलेला हॅमॉक, हा खरेदीतला सगळ्यात वसूल झालेला माल. उन्हाळ्यात चिंचेला बांधून झोपतो. ओल्या जंगलात ती ओल आणि किड्यांपासून वाचवते, आमच्याकडं तिचा फायदा मण्यारीच्या बाबतीत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावल्यावर फारसं दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड व्हायला लागतात. झोळी नको असेल तर बाज, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

तर सापांकडं येतो, कारण माझ्या मते अख्ख्या फीची किंमत एकट्या या सत्रात होती. एक डॉक्टर संध्याकाळी येऊन बोलून गेले. आगुंबे किंग कोब्राचं गाव, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकरांनी २००५मध्ये तिथं त्याच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र काढलं. आम्हाला वाटलं आता थरारक गोष्टी येणार. डॉक्टरांनी सुरुवातच थंड पाणी ओतून केली: भारतात सगळीकडं मिळणारं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, किंग कोब्रावर नाही. त्यामुळं लांबूनच बघा. मग काय करायचं नाही याची यादी. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, साप मारून सोबत न्यायच्या नादात वेळ घालवायचा नाही. करायचं एवढंच: माणसाला हलू द्यायचं नाही, दागिने काढायचे, दवाखाना गाठायचा.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारच्या शेतात एका बाईला घोट्यापाशी फुरसं चावलं. लोक जमले. एकाच्या हातात सुतळी तयार, दुसऱ्याचं म्हणणं आधी देवाला नेऊ. मी सुतळी काढून घेतली. पायाला सूज चढायला लागली होती, म्हणून पैंजण आणि जोडव्या आधी काढल्या. एक जोडवी निघेना, साबण लावून निघाली. ती तशीच राहिली असती तर सुजलेल्या बोटात रुतली असती. दोन तुराट्या पायाच्या दोन्ही अंगांना लावून ओढणीनं सैल बांधल्या, चालू दिलं नाही, उचलूनच जीपमध्ये घातलं आणि थेट अंबाजोगाई. तिथं डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं. गोठलं नाही, म्हणजे विष रक्तात भिनलेलं, आणि इंजेक्शन सुरू केलं. नवरा घाबरून विचारत होता की हे नुसतं नळीकडं काय बघत बसलेत. शिबिरात ऐकलेलं होतं म्हणून मी त्याला समजावू शकलो. बाई पुढच्या आठवड्यात घरी आली. आता वाडीत तीन-चार घरांच्या भिंतीवर १०८ खडूनं लिहिलेलं आहे.

तक्रारी दोन, आणि दोन्ही आयोजकांवर. त्या भागात गोचिडांमुळं माकडताप पसरतो. १९५७मध्ये शिवमोग्ग्याच्याच क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा सापडला, आणि आपल्या सिंधुदुर्गातही आलेला आहे. हे आम्हाला तिथं पोचल्यावर सांगितलं. पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. हिवाळा-उन्हाळा हा त्याचा जोर धरायचा काळ, आम्ही पावसाच्या शेपटाला गेलो म्हणून निभावलं. दुसरी तक्रार, पाणी. “उकळलं की झालं” हे तिथल्या ओढ्याला ठीक. उंदराच्या लघवीतून येणारे लेप्टोचे जंतू त्यानं मरतात, एक मिनिट खळखळून उकळी पुरते. पण हाच मंत्र घेऊन माणूस मराठवाड्यातल्या बोअरवर आला तर फसेल. आमच्या बऱ्याच बोअरला फ्लोराइड आहे, आणि ते उकळल्यानं जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. गावोगावचे लोक घेणाऱ्या शिबिरानं हे दोन वाक्यांत तरी सांगावं.

जळवांचा बाऊ लोक उगाच करतात. मीठ टाकू नका, चटका देऊ नका, तोंडाच्या बाजूनं नख सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती गोठू न देणारा पदार्थ सोडते. घाबरायचं कारण नाही, पण खाज नंतर कितीतरी दिवस जात नाही. जळवांसाठी शिवलेले लांब मोजे घ्या. आमच्याकडं त्या कामाला त्यांचा उपयोग शून्य. मी ते कुसळं टाळायला गवत कापताना घालतो.

बूट हा आणखी एक घोळ. तिथं कॅनव्हासचे बूट उत्तम, पाणी आलं तसं निघून जातं. महागडे वॉटरप्रूफ बूट घालून आलेला एक जण दर ओढ्यानंतर बूट उलटे करून पाणी ओतत बसायचा. तेच कॅनव्हासचे बूट घालून मी माळावर फिरलो तर बाभळीचा काटा तळव्यातून थेट वर. इथं जाड तळवाच पाहिजे. सुरीचंही तसंच. आयोजकांनी सुचवलेली स्टेनलेसची सुरी आता भाजी चिरते. अण्णाच्या कोयत्याकडं बघून मी गावच्या लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचा कोयता करून घेतला, किंमत सुरीच्या पाव. गंज धरतो, पण करडईच्या तेलाचं बोट फिरवलं की झालं.

रानातलं खाण्याचं सत्र विसरून जा. तिथल्या वनस्पती आमच्याकडं नाहीत, आणि करटुली-कुर्डूसाठी आत्या आहे.

जे अजिबात नव्हतं ते ऊन. तिथल्या दमट हवेत घाम निथळत राहतो, त्यामुळं पाणी जातंय हे दिसतं. मे महिन्यात आमच्याकडं घाम येतो कधी आणि वाळतो कधी कळत नाही, माणूस थेट भोवळ येऊन पडतो. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तिथं शिकवलेलं मिश्रण मी आता उन्हाळाभर शेतावर बाटलीत ठेवतो.

फी माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी गेली, वर सामान वेगळं. मराठवाड्यातून कुणी जाणार असेल तर ऑक्टोबरचा सुरुवातीचा काळ बघा, सामानात झोळी, ताडपत्री आणि जळवांचे मोजे सोडून काही विकत घेऊ नका, आणि पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: सर्पदंशावर बोलायला डॉक्टर येणार का, आणि इंजेक्शन असलेला जवळचा दवाखाना शिबिरापासून किती वेळाच्या अंतरावर आहे. दोन्हीला सरळ उत्तर मिळालं नाही तर पैसे ठेवा खिशात, आणि लोहाराकडून एक कोयता करून घ्या.